अणुऊर्जेचे निर्णय आणि लोकांचा विश्वास

(पंचायत पदाधिकारी, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'अणुऊर्जा आणि जनजागृती' असा विषय छापलेला आहे. यांपैकी जनजागृती या शब्दाशी माझा नोकरीनिमित्त रोजचा संबंध येतो. अणुऊर्जेशी मात्र नाही. मी कलाशाखेचा पदवीधर आहे. अणूच्या गर्भात काय घडते, हे आपल्याला विज्ञानाच्या शिक्षकांनी समजावून सांगावे. परंतु अमुक गावाच्या हद्दीत अणुविद्युत केंद्र येणार अशी वार्ता आली की त्या गावच्या चावडीवर काय घडते, लोक कोणाचे म्हणणे खरे मानतात आणि कोणाकडे पाठ फिरवतात, हा प्रश्न अणूचा नसून माणसांचा आहे, आणि त्यावर बोलण्याचा अधिकार आपल्या सर्वांना आहे.

हा प्रश्न आजच का, असे कोणी विचारील. देशात निर्माण होणाऱ्या विजेत अणुऊर्जेचा वाटा सध्या शेकडा ३ च्या आसपास आहे. केंद्र शासनाने २०२५ सालच्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट, म्हणजे १ लाख मेगावॉट अणुविद्युत क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले. हे उद्दिष्ट निम्मे जरी गाठावयाचे ठरले, तरी देशात अनेक नव्या जागा शोधाव्या लागतील. अणुभट्टीला पाणी लागते, मोकळी जमीन लागते आणि भोवताली विरळ वस्ती असावी लागते. म्हणजे जागा शोधणारे लोक समुद्रकाठी किंवा नदीकाठी, कोणत्या तरी ग्रामपंचायतीच्या हद्दीत येणार, हे उघड आहे.

आम्हा प्रसिद्धी खात्यातील मंडळींची यावरची रीत ठरलेली असते. लोकांना माहिती नाही म्हणून भीती वाटते. माहिती दिली की भीती जाईल. आणि भीती गेली की संमती मिळेल, अशी ती तीन पायऱ्यांची शिडी आहे. मग पुस्तिका निघतात, माहितीपट दाखविले जातात, गावकऱ्यांच्या एखाद्या तुकडीला चालू केंद्र दाखवून आणले जाते. या साधनांची मी थट्टा करीत नाही. ती आवश्यकच आहेत. परंतु ज्या देशांत ही साधने विपुल होती, पैसा मुबलक होता आणि प्रत्येक माणूस साक्षर होता, तेथेही केवळ या शिडीने कोणी माडीवर पोहोचले नाही. ते का, हे पाहण्यासाठी मी आपल्याला आज थोडे दूर, उत्तर युरोपात नेणार आहे.

तत्पूर्वी एक छोटी गोष्ट. चौन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याने १९६९ साली एक लेख प्रसिद्ध केला. माणूस जो धोका स्वतः होऊन पत्करतो तो, आणि जो त्याच्यावर लादला जातो तो, या दोहोंच्या बाबतीत त्याची सहनशक्ती सारखी असते काय, असा त्याचा प्रश्न होता. स्वतः पत्करलेला धोका लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजारपट अधिक असला तरी लोक तो चालवून घेतात, असे त्याचे अनुमान निघाले. हा आकडा नेमका किती खरा, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. आकडा बाजूला ठेवा. जो मच्छीमार पावसाळ्याच्या तोंडावर होडी घेऊन समुद्रात जातो, तोच किनाऱ्यावरच्या कारखान्याच्या धुराबद्दल तक्रार करतो, आणि त्यात विसंगती काहीच नसते. होडीत बसावे की नाही, हे त्याने स्वतः ठरविलेले असते. पुढे पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने दाखविले की अणुऊर्जेची भीती दुहेरी आहे: ती अदृश्य व अनोळखी आहे, आणि तिच्यावर आपला ताबा नाही. यांतला अनोळखीपणा पुस्तिकेने थोडाफार कमी होईल. ताबा मात्र पुस्तिका देऊ शकत नाही.

आता स्वीडनकडे वळू. तेथे अणुविद्युत केंद्रे १९७० च्या दशकात उभी राहिली आणि लगेच प्रश्न आला की वापरलेल्या इंधनाचे करावयाचे काय. हे इंधन हजारो वर्षे घातक राहते. अभ्यासक त्याचा विचार एक लाख वर्षांच्या मापाने करतात. केंद्रचालकांनी या कामासाठी एक स्वतंत्र कंपनी काढली. तिची योजना अशी, की इंधन ५ सेंटिमीटर जाड तांब्याच्या डब्यात घालावे, त्याभोवती पाणी शोषून फुगणारी बेन्टोनाइट माती ठासावी आणि हे सारे सुमारे ५०० मीटर खोल अभेद्य खडकात पुरून टाकावे. योजना कागदावर सुबक होती. राहिला होता तो फक्त खडक शोधण्याचा प्रश्न, आणि तो शोधण्यासाठी कंपनीची माणसे यंत्रे घेऊन खेड्यापाड्यांत छिद्रे पाडावयास निघाली.

त्यानंतर काय झाले, ते आपल्या ओळखीचे वाटेल. पश्चिम स्वीडनमध्ये क्यूनेफ्येल नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील रहिवाशांनी १९८० साली डोंगराच्या वाटेवर एक लाकडी खोपटे बांधले आणि पहारा बसविला. पाळ्या लावून रात्रंदिवस, बर्फाळ हिवाळ्यांतही, हा पहारा सन २००० पर्यंत चालला. वीस वर्षे! पहाऱ्याला आरंभ झाला तेव्हा जी मुले शाळेत होती, ती पुढे आपल्या पाळीला स्वतः बसू लागली असतील. १९८५ साली आल्मुंगे या ठिकाणी लोक यंत्रांपुढे बसले आणि पोलिसांना त्यांना उचलून न्यावे लागले. हे सारे अशा देशात, जेथील प्रशासनाच्या सचोटीचा दाखला जगभर दिला जातो. लोक अडाणी नव्हते आणि सरकार भ्रष्ट नव्हते. तरीही हे घडले. आपल्याकडील विरोधाचे खापर निरक्षरतेवर किंवा 'बाहेरच्या चिथावणीखोरां'वर फोडण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी क्यूनेफ्येलच्या खोपटाचा जरूर विचार करावा.

कंपनीने अखेर आपली रीत बदलली. १९९२ साली तिने देशातील सर्व नगरपालिकांना पत्र लिहिले. (स्वीडनमधील नगरपालिका म्हणजे आपल्याकडील तालुक्याएवढा, खेड्यांसह असलेला भाग समजावा.) आमची योजना ही अशी आहे, आपल्या हद्दीत प्राथमिक अभ्यास करू देण्याची आपली इच्छा आहे काय, अशी त्या पत्रात विचारणा होती. उत्तरेकडील स्तुरुमान व मालो या दोन नगरपालिकांनी अभ्यासाला होकार दिला. दोन्हीकडे विरळ वस्ती होती आणि रोजगाराची चणचण होती. अभ्यास झाल्यावर, पुढची पायरी गाठावी काय यावर तेथे सार्वमत घेण्यात आले. १९९५ साली स्तुरुमानच्या सुमारे शेकडा ७१ मतदारांनी नाही म्हटले. १९९७ साली मालोमध्ये नकार निसटता होता, सुमारे शेकडा ५४.

मित्रहो, या सबंध हकिगतीतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाची घटना यानंतरची आहे, आणि ती अगदी साधी आहे. कंपनी निघून गेली. दोन्ही ठिकाणांहून तिने आपला गाशा गुंडाळला. मालोत शेकडा चार-पाच मते इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता. तेव्हा पुन्हा प्रचार करू, दोन वर्षांनी पुन्हा मत घेऊ, असे तिला म्हणता आले असते. ते तिने म्हटले नाही. वृत्तपत्रांनी ही कंपनीची हार म्हणून छापली. परंतु दक्षिणेकडच्या ज्या नगरपालिका हे दुरून पाहत होत्या, त्यांना त्यातून एक गोष्ट कळली, जी हजार पुस्तिकांनी कळली नसती: येथे नाही म्हटले की नाही असाच त्याचा अर्थ होतो. ज्या दारातून बाहेर पडता येते, त्या दारातून माणूस आत पाऊल टाकावयास तयार होतो.

त्या सुमारास ऑस्कर्सहाम्न या बाल्टिक किनाऱ्यावरील गावाकडे विचारणा आली. येथे अणुविद्युत केंद्र पूर्वीपासूनच होते, आणि देशभरातील वापरलेले इंधन तात्पुरते पाण्याखाली साठविण्याची सोयही १९८५ पासून येथेच होती. या नगरपालिकेने होकार किंवा नकार देण्याआधी स्वतःचे काही नियम ठरविले. ते मी आपल्यापुढे जरा विस्ताराने मांडतो, कारण ते कोणत्याही ग्रामपंचायतीला समजतील असे आहेत.

पहिला नियम असा की सारे काम उघड्यावर चालेल. दुसरा, की ज्या मार्गाने निर्णय होणार तो मार्ग, म्हणजे पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास, सर्व पक्षांनी एकत्र बसून आखावयाचा. तयार अहवाल हाती घेऊन सुनावणीला यावयाचे नाही. हा विषय एखाद्या उपसमितीकडे सोपवून नगरपालिका मोकळी होणार नाही, सबंध सभागृहच त्याचा विचार करील, असेही ठरले. नागरिक हे अडथळा नसून उपयोगी मनुष्यबळ आहेत, आणि पर्यावरणवादी संघटनाही तशाच आहेत, कारण अवघड प्रश्न त्याच विचारतात, अशी भूमिका लेखी स्वरूपात घेण्यात आली. कंपनीला गुळमुळीत उत्तरे देऊ द्यावयाची नाहीत, स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत तिचा पिच्छा सोडावयाचा नाही, हा आणखी एक नियम. आणि अखेरचा, ज्याचे मला विशेष कौतुक वाटते, तो असा: शासनाच्या सुरक्षा नियामक संस्था या आमच्या तज्ज्ञ आहेत. शासनाने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी गावाला समजावण्यासाठी नव्हे, तर गावाच्या वतीने कंपनीला तपासण्यासाठी तेथे यावयाचे. एकच माणूस, तेच ज्ञान. पण तो टेबलाच्या कोणत्या बाजूला बसतो, यावर त्याच्याविषयीचा विश्वास अवलंबून असतो.

याला पैसा लागतो आणि तो कोठून आला, हे अधिकारीवर्गाला सांगितले पाहिजे. स्वीडनमध्ये अणुविजेच्या प्रत्येक युनिटवर केंद्रचालकांकडून आकार वसूल करून एक निधी जमविण्यात येतो. कचऱ्याच्या व्यवस्थेचा खर्च त्यातून व्हावयाचा असतो. त्याच निधीतून संबंधित नगरपालिकांना स्वतःचे सल्लागार नेमण्यासाठी, सभा घेण्यासाठी आणि नागरिकांना माहिती देण्यासाठी रक्कम मिळू लागली. पुढे काही वर्षे पर्यावरणवादी संघटनांनाही त्यातून साहाय्य मिळाले. ज्याचा प्रकल्प त्याच्याच खिशातून त्याला प्रश्न विचारणाऱ्यांचा खर्च! आपल्या लेखापरीक्षकांना हे थोडे विचित्र वाटेल. पण प्रश्न विचारण्याची ऐपत एकाच पक्षाजवळ असली, तर त्या संवादाला संवाद म्हणावयाचे कसे?

शेवटी ऑस्कर्सहाम्न आणि फोर्समार्क अणुविद्युत केंद्र जिच्या हद्दीत आहे ती ओस्टहम्मर, या दोन नगरपालिका उरल्या. दोहोंच्या हद्दीत २००२ पासून काही वर्षे सखोल छिद्रे पाडून तपासणी झाली, आणि दोन्हीकडच्या लोकांनी ती होऊ दिली. २००९ सालच्या जूनमध्ये कंपनीने फोर्समार्कची निवड जाहीर केली, कारण तेथील खडकात भेगा कमी आणि पाणीही कमी होते. त्याच वर्षी आधी एक करार झाला होता. कंपनी व तिचे मालक या दोन्ही भागांच्या विकासासाठी मिळून दीड ते दोन अब्ज क्रोनर इतक्या मूल्याची कामे करतील, आणि त्यांतील शेकडा ७५ हिस्सा ज्या नगरपालिकेची निवड होणार नाही तिला, तर शेकडा २५ निवड झालेल्या नगरपालिकेला मिळेल. निवड होणाऱ्या गावाला प्रकल्पाबरोबर रोजगार मिळणारच होता, म्हणून ही वाटणी. आणि आपल्या लोभाने आपण होकार दिला असे कोणालाही वाटू नये, हाही तिचा एक परिणाम झाला. आपल्याकडे भरपाईचा आकडा विरोध वाढेल तसतसा वाढत जातो. त्यामुळे तो मोबदला न वाटता विकत घेण्याची बोली वाटू लागते.

यानंतरही वाट सरळ नव्हती, हे नमूद करणे अगत्याचे आहे. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातील काही संशोधकांनी, प्राणवायू नसलेल्या पाण्यातही तांबे गंजू शकते, असा आक्षेप घेतला. कंपनीला तो मान्य नव्हता. परंतु जानेवारी २०१८ मध्ये पर्यावरण न्यायालयाने या शंकेचे निरसन झाल्याखेरीज परवानगी देऊ नये, असा अभिप्राय शासनाला कळविला. ओस्टहम्मरने आपले ठरलेले सार्वमत तेव्हा रद्द केले. न्यायालयाचेच समाधान झालेले नाही तर आम्ही मत कशावर द्यावे, हा त्यामागचा विचार. कंपनीने अधिक पुरावे सादर केले. मग १३ ऑक्टोबर २०२० रोजी ओस्टहम्मरच्या सभागृहाने मोठ्या बहुमताने होकार दिला, २७ जानेवारी २०२२ रोजी शासनाची मंजुरी मिळाली आणि बांधकामाला आरंभ झाला तो जानेवारी २०२५ मध्ये. १९९२ च्या पत्रापासून मोजले तर तेहतीस वर्षे. घाई असणाऱ्यांना हा काळ फार वाटेल.

त्यांच्यासाठी जर्मनीचे उदाहरण थोडक्यात सांगतो. १९७७ च्या फेब्रुवारीत लोअर सॅक्सनी राज्याच्या शासनाने गोर्लेबेन या खेड्याजवळची जागा अशाच कामासाठी निश्चित केली. ती त्या वेळच्या पूर्व जर्मनीच्या सरहद्दीलगत होती, आणि ती कोणत्या निकषांवर निवडली याचे समाधानकारक उत्तर लोकांना कधीच मिळाले नाही. निर्णय जलद झाला. त्यानंतर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर हॅनोव्हरवर चालून गेले, कचरा नेणाऱ्या गाड्यांना हजारो पोलिसांची सोबत द्यावी लागली, आणि २०१३ साली नवा कायदा करून शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागला. सप्टेंबर २०२० मध्ये भूशास्त्रीय कारणांवरून गोर्लेबेनचे नाव यादीतून वगळले गेले. जलद निर्णयाला त्रेचाळीस वर्षे लागली आणि हाती काहीच आले नाही.

फिनलंडची हकिगत याहून सोपी. तेथील १९८७ च्या अणुऊर्जा कायद्यानेच नगरपालिकेला नकाराचा अधिकार दिला: ज्या गावी प्रकल्प यावयाचा तेथील सभागृहाने नको म्हटले तर मंत्रिमंडळाला पुढे जाता येत नव्हते. एउरायोकी ही सुमारे सहा हजार वस्तीची नगरपालिका, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाएवढी. तेथेही अणुविद्युत केंद्र होते, आणि कचरा मात्र आमच्याकडे नको अशीच तिची आधीची भूमिका होती. ती पुढे बदलली. २००० सालच्या जानेवारीत तिच्या सभागृहाने २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला. २००१ च्या मे महिन्यात संसदेने तो निर्णय १५९ विरुद्ध ३ मतांनी कायम केला. क्रम ध्यानात घ्या. आधी सत्तावीस सभासदांच्या गावसभागृहात मतदान, मग देशाच्या संसदेत. जमिनीखाली चारशे मीटरांहून अधिक खोल असलेल्या त्या भुयारांत २०२४ साली प्रत्यक्ष इंधनाशिवाय चाचण्या सुरू झाल्या.

हे ऐकून, चला, तेथील कायदा येथे आणू म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल तर मी सहमत होणार नाही. एउरायोकी काय, ऑस्कर्सहाम्न काय, ओस्टहम्मर काय, या सर्व ठिकाणी अणुविद्युत केंद्रे आधीपासून होती. शेजारीपाजारी त्यांत नोकरीला, पालिकेच्या उत्पन्नात त्यांचा कर मोठा. जो उद्योग गावाला पोसतो त्याच्यावरचा विश्वास आणि त्याच्यावरचे अवलंबित्व यांत रेषा कोठे मारावयाची, असा प्रश्न तेथील टीकाकार विचारतात, आणि तो रास्त आहे. ज्या स्तुरुमान व मालोचा असा पूर्वसंबंध नव्हता, त्यांनी तर नकारच दिला. शिवाय आपल्याकडचा तांत्रिक मार्गही निराळा आहे. वापरलेले इंधन तसेच न पुरता त्यावर पुनःप्रक्रिया करावी, असे भारताचे धोरण आहे. तशी सोय तारापूरलाच आहे. तेव्हा कचऱ्याच्या खाणीचा प्रश्न आपल्या एखाद्या गावापुढे उद्याच उभा राहील, असे नाही. आपल्यापुढे प्रश्न आहे तो केंद्रांच्या जागांचा.

आता घरी परत येऊ. तारापूरचे केंद्र १९६९ साली सुरू झाले, तेव्हा गावाला विचारावे ही कल्पनाच कोणाला नव्हती. तेथील तिसऱ्या व चौथ्या संचाच्या वेळी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपले घरदार सोडावे लागले. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर प्रकल्प तर आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. राजापूर तालुक्यातील माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १६५० मेगावॉटचे सहा संच उभारण्याची ही योजना. सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली. १६ मे २०१० रोजी माडबनला जनसुनावणी झाली, त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला पस्तीस अटींवर पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमाचा अपघात झाला आणि १८ एप्रिल २०११ रोजी आंदोलनाच्या वेळी झालेल्या गोळीबारात एका तरुणाचा मृत्यू झाला. आज इतक्या वर्षांनंतरही त्या सड्यावर अणुभट्टी उभी राहिलेली नाही. त्याला आर्थिक व तांत्रिक वाटाघाटी कारण आहेत, हे खरे. परंतु गावे आणि शासन यांच्यामधला दुरावा वाटाघाटींनी निर्माण केलेला नाही.

मी या प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यास येथे उभा नाही. दोन गोष्टी मात्र नजरेस आणतो. सरकारी कागदांत त्या जमिनीचे वर्णन मुख्यतः पडीक असे होते. गावकऱ्यांच्या लेखी तोच सडा आंब्याकाजूची बाग, गवताचे रान आणि गुरांची चराई होता. जो कागद आपल्या परसाला पडीक म्हणतो, त्याच कागदातील किरणोत्सर्गाचे आकडे बिनचूक आहेत, यावर माणसाने विश्वास ठेवावा कसा? अणुभट्टीचे गणित गावकऱ्याला तपासता येत नाही. आपल्या बांधावर काय उगवते ते त्याला तपासता येते. जे तपासता येते तेथे चूक सापडली की जे तपासता येत नाही तेही तो अमान्य करतो, आणि यात तर्काला सोडून काहीच नाही.

दुसरी गोष्ट साखरी नाटे येथील मच्छीमारांची. त्यांची जमीन गेली नाही, म्हणून भरपाईच्या यादीत त्यांना जागा नव्हती. आणि विरोध तर तेथे सर्वांत तीव्र होता. केंद्रातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याने मासळी दूर जाईल, बंदोबस्तामुळे खाडीच्या तोंडाशी ये-जा अडेल, ही त्यांची चिंता. आपल्या महसुली व्यवस्थेला सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस दिसतो. समुद्राला सातबारा नसतो. २०१३ साली राज्य शासनाने जमिनीचा मोबदला हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांपर्यंत वाढविला, तेव्हा त्याचा काही खातेदारांवर परिणाम झाला; ज्याच्या नावावर हेक्टरच नाही त्याला त्याचे काय?

आपल्या कायद्यात गावाचा नकार कोठेच मोजला जात नाही, असेही नाही. ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी, वनहक्कांच्या आधारे, निर्णय ग्रामसभांपुढे ठेवावयास सांगितले. बारा ग्रामसभा भरल्या, बाराही ठिकाणी नकार मिळाला, आणि खाण झाली नाही. अणुविद्युत केंद्राच्या बाबतीत मात्र गावाच्या हाती आहे ती मुख्यतः जनसुनावणी. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखालील ही सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तेथे आक्षेप नोंदले जातात, निर्णय अन्यत्र होतो. तिला गणपूर्तीची अटसुद्धा नाही. म्हणजे बहिष्कार टाकून ती थांबविता येत नाही, ही गोष्ट सरपंचांनी विशेष लक्षात ठेवावी.

तरीही त्या अधिसूचनेत जे आहे ते पुरते वापरले जात नाही, असे माझे निरीक्षण आहे. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत असावा लागतो. माडबनच्या वेळी मराठी प्रती वेळेवर पोहोचल्या नाहीत अशी तक्रार झाली होती. सुनावणीच्या आधीच निम्मा विश्वास तेथे संपला, असे मी म्हणेन. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की असा सारांश गावी आला तर तो शाळेत, ग्रामसभेपूर्वी, मोठ्याने वाचून दाखवावा. वाचता वाचता जे वाक्य कोणालाच समजले नाही त्याच्या समासात खूण करावी. त्या खुणा म्हणजेच सुनावणीतील प्रश्न. 'आमचा विरोध आहे' हे एक वाक्य इतिवृत्तात एका ओळीत मावते. 'पान अमुकवर आमच्या विहिरींची संख्या कमी दाखविली आहे, ती कोणी व केव्हा मोजली' याला मात्र लेखी उत्तर द्यावे लागते. सुनावणीच्या अखेरीस इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावयाचे असते आणि नंतर ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात लावावयाचे असते. किती गावांत ते लावलेले पाहिले, हे आपणच आठवून पाहावे.

अधिकारी बंधूंना दोन शब्द. गावाने आपला तज्ज्ञ आणला तर त्याला बाहेरचा माणूस म्हणून अडवू नका. ऑस्कर्सहाम्नच्या पालिकेने तेच केले, आणि त्याचे पैसे प्रकल्पाच्या निधीतून आले. आपल्याकडे असा निधी नाही. जिल्हा प्रशासन निदान एखाद्या महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला गावाच्या बाजूने टेबलाशी बसवू शकेल. त्याचप्रमाणे प्रकल्पाची जी माहिती सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही, ती का देता येत नाही हे कलमासह सांगा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ते बंधनकारकच आहे. सुरक्षेशी ज्याचा संबंध नाही अशी रस्त्याची रुंदी आणि पाण्याचा उपसाही गोपनीय म्हणून झाकला की, खरोखर गोपनीय काय आहे याविषयी नाना तर्क सुरू होतात.

अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. भट्टीच्या रचनेविषयीचे प्रश्न माझ्यानंतर बोलणाऱ्या प्राध्यापकांना विचारावेत. सुनावणीची पद्धत, तिच्या मुदती आणि इतिवृत्ताच्या प्रती यांसंबंधीचे कागद मी बरोबर आणलेले आहेत. ज्यांना ते पाहावयाचे असतील त्यांनी या टेबलापाशी यावे.